देव सिद्ध करायला निघालोय खरं, पण कुठला देव?

शून्यवेध
देवाच्या अस्तित्वावर वाद सुरू झाला की शे-दोनशे प्रतिसाद पडतात आणि शेवटी सगळे होते तिथेच. मी स्वतः दोन्ही बाजूंनी भांडून झालोय, आधी श्रद्धाळू म्हणून आणि नंतर बरीच वर्षं देव न मानणारा म्हणून. गेले काही महिने मूळ युक्तिवाद परत नीट वाचायला घेतले तेव्हा एक गोष्ट सारखी खटकत राहिली, तीच इथे मांडतोय.

एक जण म्हणतो एवढं विश्व आपोआप कसं होईल, दुसरा म्हणतो मग चार वर्षांच्या पोराला कॅन्सर का होतो, आणि दोघांनाही वाटतं की आपण समोरच्याला गप्प केलं. पण पहिल्याने ज्याची बाजू घेतली तो देव वेगळा आणि दुसऱ्याने जो नाकारला तो वेगळा. पहिला फक्त मूळ कारण आहे. दुसरा आपलं ऐकतो, त्याला आपली काळजी आहे, आणि त्याच्या हातात सगळं आहे.

आता पहिला युक्तिवाद बघा, कारण त्याची फार मोडतोड होते. तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस म्हणे असं सांगतो की भूतकाळात मागे मागे जात राहा, शेवटी पहिली घटना सापडेल, तो देव. असं तो म्हणतच नाही! उलट जगाला सुरुवात होती हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेने मानायचं, असं त्याने स्पष्ट लिहिलंय. त्याचा मुद्दा आत्ता या क्षणाचा आहे. समजा एक पुस्तक माझ्याकडे आहे, मी ते तुमच्याकडून उसनं घेतलं, तुम्ही आणखी कुणाकडून, त्याने अजून कुणाकडून. रांग कितीही लांबवा, अगदी अनंत करा, सगळ्यांनीच उसनं आणलं असेल तर मुळात पुस्तक आलं कुठून? जगातली प्रत्येक वस्तू तशी आहे, तिचं असणं उसनं आहे, म्हणून ज्याचं असणं स्वतःचं आहे असं काहीतरी हवंच, असा तो सगळा रोख आहे.

काळात मागे जाणारा युक्तिवाद वेगळा. तो मुस्लिम विचारवंत अल-गझालीचा (१०५८ ते ११११). जे सुरू होतं त्याला कारण असतं, विश्व सुरू झालं, म्हणून विश्वालाही कारण आहे. १९७९ साली विल्यम लेन क्रेगने त्यावर पुस्तक लिहून तो परत चर्चेत आणला आणि आता जो तो त्याला बिग बँग जोडतो. बिग बँगची कल्पना ज्याने मांडली तो लमेत्र स्वतः कॅथलिक पाद्री होता, तरी १९५१ मध्ये पोपने या थिअरीची सांगड ईश्वराच्या सृष्टिनिर्मितीशी घातली तेव्हा त्याला ते रुचलं नव्हतं. मला हा माणूस फार आवडतो. श्रद्धा पक्की होती त्याची, पण समीकरणातून ती निघते असं त्याने कधी म्हटलं नाही.

तर माझा प्रश्न असा. हे दोन्ही युक्तिवाद शंभर टक्के बरोबर धरले तरी हातात काय येतं? एक कारण. ते कारण दयाळू आहे, त्याला माणूस नावाच्या प्राण्यात रस आहे, हे कुठून आलं? आणि उलट बाजूने, दुःखाचा युक्तिवाद पूर्ण बरोबर धरला तरी पडतो तो फक्त काळजी करणारा आणि सर्वशक्तिमान देव. नुसत्या मूळ कारणाला ओरखडाही येत नाही. मग आपण एकमेकांना उत्तरं देतोय असं का समजायचं?

कातळ
चांगला विषय. पण मी त्याही आधी थांबतो. सगळ्याला कारण हवं तर देवाला का नको? देवाला नको चालतं तर विश्वालाच नको म्हणा, मधला एक टप्पा वाचला.

शून्यवेध
कातळ, हा आक्षेप सगळीकडे येतो आणि खरं सांगू का, असा मांडला तर तो कच्चा आहे. 'सगळ्याला कारण असतं' असं वरच्यापैकी कुणीच म्हणत नाही. एक म्हणतो जे सुरू होतं त्याला, दुसरा म्हणतो ज्याचं असणं उसनं आहे त्याला. पुस्तक ज्याच्या मालकीचं आहे त्याला 'तुम्ही कुणाकडून उसनं आणलं' असं विचारण्यात अर्थ नाही.

तुमच्या आक्षेपाचं पक्कं रूप आहे आणि ते जास्त धारदार आहे. १९४८ साली बीबीसी रेडिओवर देव न मानणारा तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि कॅथलिक पाद्री फादर कोपलस्टन यांची देवाच्या अस्तित्वावर चर्चा झाली होती. रसेलने विचारलं, प्रत्येक माणसाला आई असते म्हणून मानवजातीला एक आई आहे असं म्हणाल का? विश्वातल्या प्रत्येक वस्तूला कारण आहे यावरून अख्ख्या विश्वाला कारण आहे हे निघत नाही. विश्व आहे, बास, त्यापुढे विचारण्यासारखं काही नाही, असं तो म्हणाला. कोपलस्टनचं म्हणणं असं की 'का' हा प्रश्नच विचारायला तयार नसाल तर पुढे बोलणार काय. मला वाटतं तिथे दोघं खऱ्या फाट्यावर पोचले होते. प्रत्येक गोष्टीला पुरेसं कारण असलंच पाहिजे हे तत्त्व जर्मन तत्त्वज्ञ लाइबनित्सचं, आणि काहीच नसण्याऐवजी काहीतरी आहे ते का, हा त्याचा १७१४ मधला प्रश्न. ते तत्त्व मानलं तर पाऊल पुढे पडतं, नाही मानलं तर नाही. आणि ते तत्त्व स्वतः कशावरून खरं, हे दोघांनाही दाखवता येत नाही.

कातळ
हे मान्य. कच्चा आक्षेप मागे घेतो, रसेलवाला माझा समजा.

पोथीवाचक
आधी शब्दांबद्दल एक. आपल्याकडच्या दर्शनांत आस्तिक म्हणजे वेद मानणारा, देव मानणारा नाही. मीमांसक, म्हणजे वेदातल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे, कडवे आस्तिक, पण जग निर्माण करणारा ईश्वर त्यांना अमान्य. सांख्यसूत्रात तर 'ईश्वरासिद्धेः' असं सरळ सूत्रच आहे, ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. योगदर्शन ईश्वर मानतं पण तो जगाचा कर्ता नाही, क्लेश आणि कर्म ज्याला शिवले नाहीत असा एक विशेष पुरुष एवढंच. त्यामुळे धागाकर्त्यांचा 'कुठला देव' हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वीपासून चाललेला आहे.

खरी झुंज नैयायिक (न्यायदर्शनाचे तर्कपंडित) आणि बौद्धांची झाली. नैयायिकांचं अनुमान असं : पृथ्वी, अंकुर वगैरे गोष्टींना कर्ता आहे, कारण त्या कार्य आहेत (म्हणजे निर्माण झालेल्या), घटासारख्या. घडा आहे म्हणजे कुंभार आहे, तसं. दहाव्या-अकराव्या शतकाच्या आसपास उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत हे आणि अशीच आणखी बरीच अनुमानं एकत्र केली, अणू जोडायला कुणीतरी चेतन लागतो, जग धरून ठेवायला कुणीतरी लागतो, शब्दाला अर्थ आहे त्यामागे कुणीतरी लागतो, अशी रांगच आहे ती.

आता बौद्धांचं उत्तर ऐका. धर्मकीर्ती म्हणतो, घडा मातीचा आहे आणि कुंभाराने केला, म्हणून वारूळही मातीचं आहे तर तेही कुंभारानेच केलं म्हणाल का? घडा बघून कुंभार आठवतो कारण घडे बनवताना आपण कुंभाराला पाहिलंय. डोंगर बनवताना कुणाला पाहिलं? 'कार्य' हा शब्द दोन्हीला लावला म्हणून दोन्ही एका जातीचे होत नाहीत. हा सातव्या शतकाच्या आसपासचा माणूस आहे हो. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने जवळपास हेच म्हटलं ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये छापून आलं.

आणि मीमांसक कुमारिल भट्ट विचारतात, निर्माण करायचा हेतू काय होता? काही हेतू नसेल तर मूर्खसुद्धा कामाला लागत नाही. जीवांवर दया म्हणाल तर सृष्टीच्या आधी दया येण्यासारखं दुःखी होतं कोण?

सगळ्यात महत्त्वाचं मला वाटतं ते रामानुजाचार्यांचं. एवढा मोठा भक्त, पण ब्रह्मसूत्रावरच्या श्रीभाष्यात त्यांनी हे कार्यावरून कर्त्याचं अनुमान मोडून काढलंय. मोठी वास्तू उभी राहते ती अनेकांच्या हातून, वेगवेगळ्या वेळी, मग जगाचा कर्ता एकच आणि सर्वज्ञ हे अनुमानाने कसं निघेल? ह्यूमसुद्धा विचारतो की घर किंवा जहाज बांधायला पुष्कळ माणसं लागतात, मग देव पुष्कळ का नसावेत. दोघांमध्ये सहाशे-सातशे वर्षांचं अंतर, एक भक्त आणि एक संशयवादी, आणि आक्षेप एकच. रामानुजांचा निष्कर्ष मात्र उलटा की ईश्वर शास्त्रातूनच कळतो, तर्काने नाही. म्हणजे देव मानणारा तो हे युक्तिवाद मानणारा आणि न मानणारा तो तोडणारा, ही विभागणीच चुकीची आहे.

अर्धविराम
पोथीवाचक, फार सुंदर प्रतिसाद. वारुळाचं उदाहरण माहीत नव्हतं. १८०२ मध्ये विल्यम पेलीने माळरानावर सापडलेल्या घड्याळाचं उदाहरण दिलं त्याला उत्तर म्हणून सगळे डार्विन आणि १८५९ सांगतात, पण धर्मकीर्तीचं उत्तर उत्क्रांती माहीत नसतानाही लागू पडतं ही मोठी गोष्ट आहे.

लूपहोल
सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे मला तिसऱ्या प्रकारात जास्त रस आहे, ज्यात जगाकडे बघायचंच नाही, नुसत्या व्याख्येवरून देव सिद्ध करायचा. अकराव्या शतकात आन्सेल्मने केलं ते. ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही तो देव. असा देव फक्त मनात असेल तर खरोखर असणारा त्याहून थोर ठरेल. म्हणजे तो खरोखर आहे. त्याच्याच काळातल्या गॉनिलो नावाच्या साधूने लगेच विचारलं, असं तर मग परिपूर्ण बेटही सिद्ध होईल. आणि १७८१ मध्ये कांट म्हणाला, 'असणं' हा गुणधर्मच नाही, मनातले शंभर थेलर (तेव्हाचं जर्मन नाणं) आणि खरे शंभर थेलर यांच्या कल्पनेत एका नाण्याचाही फरक नसतो, फरक पडतो तो खिशात.

पण गंमत म्हणजे विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा तर्कशास्त्रज्ञ कुर्ट ग्योडेल याने हाच युक्तिवाद मोडल लॉजिकमध्ये (शक्य आणि अपरिहार्य यांचं तर्कशास्त्र) नव्याने लिहिला. हयातीत छापला नाही. २०१३ मध्ये बेन्झम्युलर आणि पालेओ या दोघांनी तो कॉम्प्युटरवर तपासला आणि मग बातम्या आल्या की कॉम्प्युटरने देव सिद्ध केला. तसं काही झालेलं नाही. कॉम्प्युटरने एवढंच सांगितलं की डेना स्कॉटने थोडी दुरुस्ती केलेल्या आवृत्तीत, गृहीतकं मानली तर निष्कर्ष निघतो. गृहीतकं खरी की खोटी हे त्याला विचारलंच नव्हतं. आणि नंतर त्यांच्याच प्रोग्रामने ग्योडेलच्या मूळ गृहीतकांत विसंगती शोधली. दुरुस्त आवृत्तीचाही एक त्रास आहे, तिच्यातून असं निघतं की जे जे खरं आहे ते सगळं अपरिहार्यपणे खरं आहे, म्हणजे मी आज हा प्रतिसाद टाईप करणं हेसुद्धा टळणं शक्य नव्हतं. मला ही किंमत फार वाटते, मग देवालाही दुसरं काही करण्याची मुभा उरत नाही.

कणाद२
फिजिक्सच्या बाजूने थोडं. वरचे सगळे जुने आहेत पण आज ज्याला मी सगळ्यात गंभीरपणे घेतो तो स्थिरांकांचा युक्तिवाद, म्हणजे निसर्गनियमांतले ठरलेले आकडे जीवसृष्टीला नेमके जुळतात हा. ताऱ्यांच्या पोटात तीन हेलियम केंद्रकांपासून कार्बन बनतो आणि त्यासाठी कार्बनच्या केंद्रकाची एक ठराविक ऊर्जापातळी लागते. फ्रेड हॉइलने आधी म्हटलं की कार्बन आहे म्हणजे ही पातळी असलीच पाहिजे, आणि १९५३ मध्ये प्रयोगात ती सापडली, ७.६५ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टला. अशा बऱ्याच गोष्टी आहेत की ज्या जराशा वेगळ्या असत्या तर तारे नाहीत, रसायनं नाहीत, आपण नाही.

पण इथून देवाकडे जाताना लोक 'शक्यता फार कमी' असा शब्द वापरतात त्याला माझी हरकत आहे. फाशाच्या सहा बाजू मला माहीत आहेत म्हणून मी एक षष्ठांश म्हणतो. स्थिरांकाच्या किमती कुठून कुठपर्यंत असू शकतात आणि कुठली किंमत किती वेळा पडते, हे कुणाला माहीत आहे? आपल्याकडे विश्व एकच. छेदच माहीत नाही तर अपूर्णांक कुठला लिहायचा? अनेक विश्वं आहेत हे उत्तरही मला तितकंच लंगडं वाटतं कारण त्यांचाही पुरावा हातात नाही. मला आश्चर्य वाटतं हे खरं आहे, पण आश्चर्याला मी पुरावा म्हणणार नाही.

निशिगंध
मी तत्त्वज्ञान शिकलेले नाही. अकरा वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते, त्यामुळे धाग्यातला दुसरा देव, तो काळजी करणारा, त्याबद्दलच बोलू शकते.

लोक म्हणतात देवाने माणसाला स्वातंत्र्य दिलं आणि माणसाने वाईट केलं. ठीक आहे, मारामारी, युद्ध, फसवणूक यांचं उत्तर त्यात मिळत असेल. पण रक्ताच्या कॅन्सरमध्ये कुणाचं स्वातंत्र्य आहे? एक मुलगी होती, सहा वर्षांची, सुई टोचायच्या आधी मलाच धीर द्यायची की दुखणार नाहीये तुम्ही घाबरू नका. ती गेली. तिच्या आईला कुणीतरी भेटायला आलेलं, यामागे काहीतरी मोठी योजना असेल असं म्हणालं, आणि त्या बाईने नुसतं भिंतीकडे तोंड केलं. मला तेव्हापासून 'योजना' हा शब्द ऐकवत नाही.

मी अजूनही प्रार्थना करते. म्हणजे मी देव नाकारलेला नाही. पण या दुःखाचं स्पष्टीकरण जो कोणी देतो त्याच्याबद्दल मला राग येतो, मग ते कितीही हुशारीचं असो.

कातळ
निशिगंध ताई, तुमचं लिहिणं वाचून बराच वेळ काही टाईप करता आलं नाही.

तुम्ही जे म्हणताय त्याचंच तत्त्वज्ञानातलं रूप विल्यम रो याने १९७९ मध्ये मांडलं. जंगलात वणवा लागतो, हरणाचं एक पाडस भाजतं, कित्येक दिवस तडफडून मरतं, कुणी बघायलाही नाही. त्यातून कुणाचं काय भलं झालं? त्याआधी १९५५ मध्ये मॅकीने जास्त कडक दावा केला होता की सर्वशक्तिमान आणि पूर्ण चांगला देव आणि दुःख हे एकत्र असूच शकत नाहीत, तार्किक विरोध आहे. त्याला प्लँटिंगाने १९७४ मध्ये स्वातंत्र्याचं उत्तर दिलं आणि ते तेवढ्यापुरतं चाललं असं रो याच्यासकट बरेच नास्तिक तत्त्वज्ञही मान्य करतात, कारण विरोध नाही हे दाखवायला एक नुसती शक्यता पुरते. पण रोचा मुद्दा विरोधाचा नाहीच, पुराव्याचा आहे. एवढं निरर्थक दिसणारं दुःख बघितल्यावर असा देव असेल हे मानायला जागा किती उरते, हा. माझ्यासाठी तरी सगळ्या वादात हा एकच युक्तिवाद जड आहे, बाकीचे मी वाचतो आणि विसरतो.

अर्धविराम
कर्मसिद्धांत कुणीच का आणला नाही? विषमता दिसते ती ज्याच्या त्याच्या कर्माने, देव फक्त फळ देतो.

पोथीवाचक
आणायला मीच कचरत होतो, ताईंच्या प्रतिसादानंतर. पण प्रश्न आलाय तर. ब्रह्मसूत्रांनी आक्षेप अगदी प्रामाणिकपणे नोंदवलाय, 'वैषम्य' आणि 'नैर्घृण्य', म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा हे दोन दोष ईश्वराला लागतात. उत्तर असं की ईश्वर कर्माच्या अपेक्षेने वागतो म्हणून दोष नाही. मग सुरुवातीला कर्म कुठून आलं? तर संसार अनादि आहे, सुरुवातच नाही. तर्क म्हणून ही फट नीट बुजवली आहे, मानलं पाहिजे. पण किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे ईश्वर कर्माने बांधला गेला, मग मीमांसक विचारतात की कर्मच फळ देत असेल तर मध्ये ईश्वर कशाला. नैयायिक म्हणतात कर्म जड आहे, त्याला चेतन अधिष्ठाता लागतो, आणि वाद परत कर्त्याच्या अनुमानावर येतो. दुसरी किंमत म्हणजे त्या आईला जाऊन हे सांगता येतं का ती.

निशिगंध
नाही येत. आणि जे तिच्यासमोर उभं राहून म्हणता येत नाही ते इथे लिहूनही खरं होत नाही असं मला वाटतं.

कणाद२
ताई, इथे मी थोडा असहमत आहे, राग मानू नका. एखादी गोष्ट सांगणं क्रूर असू शकतं आणि तरीही ती खरी असू शकते. कर्मसिद्धांत मी मानत नाही, पण सांगवत नाही म्हणून खोटा हे कारण मला पटत नाही.

निशिगंध
हो, ते बरोबर आहे तुमचं. मी खोटा म्हणायला नको होतं. मला एवढंच म्हणायचं होतं की ज्या उत्तराने तिचं रडणं गैरलागू ठरतं ते उत्तर अपुरं आहे.

लूपहोल
अवांतर होईल पण फ्रेंच गणिती पास्कलची पैज राहिली. देव आहे असं धरून चाललं आणि निघाला तर अनंत फायदा, नाही निघाला तर फारसं काही गेलं नाही, म्हणून पैज देवावर लावा. मला हा युक्तिवाद लहानपणी एकदम पक्का वाटायचा. आता दोन गोष्टी दिसतात, एक तर पैज कुठल्या देवावर लावायची हे तो सांगत नाही, आणि विश्वास हे बटण नाही की दाबलं आणि लागलं. पास्कललाही हे कळत होतं, म्हणून तो म्हणतो आधी श्रद्धाळूंसारखं वागायला लागा, विश्वास मागून येईल.

कातळ
पुराव्याशिवाय विश्वास ठेवण्यावर १८७७ मध्ये क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने कडक लिहिलंय. जहाज मोडकळीला आलंय ही शंका मनातून दडपून मालक ते समुद्रात पाठवतो, त्याला मनापासून वाटत असतं की पोचेल. ते बुडालं तर तो दोषी आहेच, पण पोचलं असतं तरीही दोषी, कारण तसा विश्वास ठेवायचा त्याला अधिकार नव्हता. मी हे कॉलेजात वाचलं आणि अजून त्यातून बाहेर पडलो नाही.

पोथीवाचक
धागाकर्त्यांना एक दुरुस्ती सुचवतो. तुम्ही लिहिलंत की मूळ कारणापासून दयाळू देवापर्यंत जायला रस्ताच नाही. अक्वायनसने देव सिद्ध करायचे पाच मार्ग दिले ते जेमतेम दोन-तीन पानांत, आणि त्यानंतर ते कारण एकच का, बदलत का नाही, चांगलं का, जाणणारं का, यावर कितीतरी पानं खर्च केलीत. उदयनाचार्यांचीही अनुमानं नुसता कर्ता सिद्ध करून थांबत नाहीत, सर्वज्ञापर्यंत जातात. तेव्हा रस्ता नाही म्हणण्यापेक्षा रस्ता टिकतो का ते बघायला हवं.

शून्यवेध
बरोबर, माझं विधान घाईचं होतं, मागे घेतो. ती पानं मी भरभर चाळली होती, आता परत वाचली. पण वाचल्यावर माझी अडचण वेगळ्या जागी सरकली. त्याचा प्रत्येक टप्पा 'कार्यात जे चांगलं आहे ते कारणात आधीपासून असतंच' अशा तत्त्वांवर उभा आहे, आणि ते मान्य केलं तरी शेवटी जो देव हातात येतो तो अविकारी आहे, त्याच्यात कधी काही बदलत नाही, त्याला बाहेरून काही होत नाही. ताईंच्या वॉर्डातली मुलगी रडली तर त्याला काही होतं का? त्या अर्थाने नाहीच होत. तर मग तो 'चांगला' म्हणायचा पण आपण एखाद्या माणसाला चांगला म्हणतो त्या अर्थाने नाही. शब्द तोच राहिला, आतला माणूस निघून गेला असं मला वाटतं.

पोथीवाचक
हे मान्य. आणि यावर उदयनांचाच एक मुद्दा देतो जो तुमच्या मूळ प्रश्नाला अगदी भिडतो. देव दिसत नाही म्हणून नाही, या आक्षेपाला ते म्हणतात की न दिसणं हा नसण्याचा पुरावा तेव्हाच होतो जेव्हा ती वस्तू असती तर दिसली असती. टेबलावर घडा दिसत नाही म्हणजे घडा नाही, हे ठीक. पण टेबलावर अणू दिसत नाही म्हणून अणू नाही असं म्हणता येत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात, जे दिसण्याच्या योग्यतेचं आहे त्याचंच न दिसणं मोजायचं. ईश्वर दिसण्याच्या योग्यतेचाच नाही, म्हणून न दिसण्याने काही सिद्ध होत नाही.

आणि बघा, रोच्या पाडसाला १९८४ मध्ये वायक्स्ट्राने जे उत्तर दिलं तेही याच साच्याचं आहे. देवाची कारणं आपल्याला दिसत नाहीत म्हणून ती नाहीत असं कधी म्हणता येईल? ती असती तर आपल्याला दिसली असती, असं असेल तेव्हाच.

शून्यवेध
हेच मला म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते! मूळ कारण असलेला देव दिसण्याच्या योग्यतेचा नाही, त्याचं न दिसणं मोजायचं नाही, मान्य. पण ज्याला आपल्याशी नातं हवंय, जो आपल्याला हाक मारतो असं म्हणतात, तो तर जाणवण्याच्या योग्यतेचा असायलाच हवा ना? शेलेनबर्गने १९९३ मध्ये नेमकं हे मांडलं. प्रेम करणारा देव असता तर ज्यांच्या मनात आडकाठी नाही अशा कुणालाही तो नाहीच असं वाटलं नसतं. आणि असे लोक आहेत. म्हणजे एकाच अनुपलब्धीचं वजन एका देवासाठी शून्य आणि दुसऱ्यासाठी भरपूर. आणि ज्यांना दोन्ही देव एकच हवेत त्यांना न दिसण्याची सवलत पहिल्याकडून घ्यायची आणि भरवसा दुसऱ्याचा द्यायचा, असं दोन्हीकडून करता येणार नाही.

निशिगंध
पण तो जाणवत नाही असं तुम्ही सगळे धरूनच का चाललाय? मला जाणवलाय. रोज नाही. रात्रपाळीत, तीनच्या सुमाराला, सगळी मुलं झोपलेली असताना, दोन-तीनदा. मी काही मागत नव्हते, कुणाचं नाव घेत होते. तेव्हा तिथे मी एकटी नव्हते एवढं मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल थकवा होता, झोप नव्हती. असेल. पण मी थकलेली पुष्कळदा असते आणि तेव्हा तसं होत नाही.

कणाद२
ताई, तुम्हाला जे जाणवलं ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. अडचण एवढीच की वेगवेगळ्या धर्मांतल्या लोकांना वेगवेगळं जाणवतं आणि प्रत्येकाला तितकंच खरं वाटतं. त्यामुळे तुमच्यासाठी ते कारण होऊ शकतं, माझ्यासाठी कसं होईल ते कळत नाही.

कातळ
मी हे कधी लिहिलं नाही कुठे. शेलेनबर्गचं वाक्य वर आलं, 'मनात आडकाठी नाही असे लोक', ते वाचून लिहितोय.

एकोणिसाव्या वर्षी मी सलग आठ महिने रोज प्रयत्न केला. वाद म्हणून नाही, परीक्षा घ्यायची म्हणूनही नाही. घरात सगळ्यांना जे मिळत होतं ते मलाही हवं होतं. पहाटे उठून बसायचो, जे सांगितलं ते सगळं केलं, आणि ऐकायला येईल म्हणून खरंच गप्प बसलो. काहीही झालं नाही. एकदाही नाही. लोक म्हणाले तुझी श्रद्धा कमी पडली, कुणी म्हणालं अजून थांब. क्लिफर्ड नंतर वाचला, आधी हे झालं होतं.

ताई, तुम्हाला रात्री तीनला जे झालं त्यावर माझा विश्वास आहे. तुम्ही माझ्या आठ महिन्यांवर ठेवाल का?

निशिगंध
ठेवते. आणि तुमच्याकडे तो का आला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.